माप आणि सांधा : कयाक नावेची कथा

बायबलमधील नोहाच्या तारवाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तारवाची लांबी, रुंदी व उंची तीत हातांच्या मापाने सांगितली असून, त्याला आतून-बाहेरून डांबर लावावे अशीही आज्ञा आहे. पाहू गेल्यास नौकाबांधणीची सारी विद्या ह्या दोन गोष्टींत सामावलेली आहे. माप बरोबर असावे आणि सांध्यातून पाणी आत येऊ नये. बाकी सारा विस्तार होय.

ह्या दोन्ही गोष्टी जिच्यात अगदी टोकाला नेलेल्या आढळतात, अशी एक लहानशी नाव उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत शतकानुशतके चालत आली आहे. तिला कयाक म्हणतात. लांब, अरुंद, दोन्ही टोकांना निमुळती, वरून बंद आणि मध्ये एका माणसाच्या कमरेपुरते भोक असलेली ही नाव दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवितात. आज अमेरिका, कॅनडा, इंग्लंड वगैरे देशांत पुष्कळ हौशी माणसे लाकडाच्या बारीक पट्ट्या जोडून अशी कयाक घरच्या घरी बांधतात. ध्रुवप्रदेशातील शिकाऱ्याची कातडी होडी गृहस्थाच्या पडवीत लाकडी रूपाने कशी येऊन पोहोचली, ही कथा मनोरंजक तर आहेच; पण तीत मिळविलेल्याबरोबर गमावलेल्याचाही हिशेब आहे.

ग्रीनलंडमध्ये नाव बांधण्याजोगी झाडे नाहीत. सायबेरियातील नद्यांच्या पुरात उन्मळलेले ओंडके समुद्रप्रवाहांबरोबर वाहत येऊन किनाऱ्याला लागत, तेच तेथील इन्युइट लोकांचे लाकूड. त्यातून कयाकचा सांगाडा करीत. बरगड्या वाकवून बसवीत आणि खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या व कातडी वाद्या वापरीत. मापासाठी फूटपट्टी नव्हती. बांधणाऱ्याचे शरीर हीच फूटपट्टी. कंबर आणि तिच्या दोन्ही बाजूंस एकेक मूठ एवढी रुंदी, पसरलेल्या हातांच्या सुमारे तिप्पट लांबी, असे ठोकताळे ठरलेले असत. त्यामुळे एकाची कयाक दुसऱ्याला सहसा बरोबर येत नसे. ती होडी म्हणून बांधली जाई, पण अंगरख्यासारखी बेतली जाई.

सांगाड्यावर सीलचे कातडे चढविण्याचे काम स्त्रियांचे. सुई कातड्याच्या आरपार न नेता त्याच्या जाडीतच फिरवावयाची, म्हणजे टाक्याच्या भोकातून पाणी आत शिरत नाही. हिमासारख्या थंड पाण्यात उलटलेला माणूस फार काळ जगत नाही. म्हणून वल्ह्याच्या एका झटक्यासरशी उलटी झालेली नाव पुन्हा सुलटी करण्याची कसरत शिकारी लहानपणापासून शिके. परंतु नावेलाच पाणी लागले तर ती कसरत काय कामाची? पुरुषाचा जीव घरच्या बाईच्या टाक्यावर तरंगत असे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या कौशल्यानेच एका जमातीवर संकटही ओढवले. १७४१ मध्ये बेरिंगच्या मोहिमेतील रशियन खलाशांना अलास्काकडील समुद्रात पाणमांजराची मौल्यवान कातडी मिळाली. त्यामागून व्यापारी आले. पाणमांजर पकडावे तर अल्यूट लोकांनीच, आणि तेही त्यांच्या कयाकमधून. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांच्या बायकामुलांना ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीस जुंपले. एकट्याच्या त्या नावेला मग तीन भोके पडली : पुढे-मागे वल्हविणारे अल्यूट आणि मधल्या भोकात बसलेला रशियन. अलास्का १८६७ मध्ये अमेरिकेला विकला गेला, तरी शिकार थांबली नाही. १९११ साली आंतरराष्ट्रीय कराराने तिला आळा बसला, तोपर्यंत पाणमांजर जवळजवळ नामशेष झाले होते आणि अल्यूटांची कयाकविद्याही ओसरू लागली होती.

युरोपात ह्या नावेची हौस पसरविली ती जॉन मॅकग्रेगर नावाच्या स्कॉटिश वकिलाने. १८६५ साली त्याने ‘रॉब रॉय’ नावाची लहान होडी ओक व सिडार लाकडाची बांधवून घेतली आणि दुपाती वल्हे घेऊन तो युरोपातील नद्यांतून एकटाच फिरला. पुढल्याच वर्षी त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले व त्याने होडीचा छंद असणाऱ्यांचा एक क्लब काढला. जर्मनीत आल्फ्रेड हॉयरिश ह्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये घडी करून नेता येईल अशी कापडी कयाक बनविली. १९०७ मध्ये तिचे हक्क रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर ह्यांनी घेतले. क्लेपर व्यवसायाने शिंपी होते. टाक्यांवर जगणारी नाव अशी पुन्हा शिवणाऱ्याच्याच हाती आली. परंतु आता ती एका माणसाच्या मापाची राहिली नाही, कारखान्याच्या मापाची झाली.

पट्ट्यांची कला आली ती दुसऱ्याच वाटेने. कॅनडातील पीटरबरो व लेकफील्ड ह्या गावांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कनू बांधणारे कारागीर होते. कनू ही कयाकची वरून उघडी असलेली बहीण. जॉन स्टीफन्सन, थॉमस गॉर्डन प्रभृती कारागीर लाकडी ठोकळ्यावर फळ्या वाकवून कनू घडवीत. पुढे फळ्यांच्या जागी सिडारच्या अरुंद पट्ट्या आल्या. पट्टी जितकी अरुंद तितका नावेचा बाक सुबक साधतो. मात्र पट्ट्या एकत्र धरून ठेवण्यास जवळजवळ बसविलेल्या बरगड्या आणि असंख्य बारीक खिळे लागत, आणि ते काम सराईत हाताचे होते. स्वस्त ॲल्युमिनियमच्या व काचतंतूंच्या होड्या आल्यावर ही महागडी कारागिरी टिकली नाही. प्रख्यात पीटरबरो कनू कंपनी १९६० च्या दशकाच्या आरंभीच बंद पडली.

ज्या काचतंतूंनी कारागिरांचा धंदा बुडविला, त्यांनीच हौशी माणसाच्या हाती मात्र ती कला दिली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील शर्यतवाल्यांनी पट्ट्यांच्या कनूवर काचतंतूंचे कापड रासायनिक राळेत भिजवून चढविले, तेव्हा बरगड्यांची गरजच उरली नाही. टेड मूर्स व मेरिलिन मोर ह्यांच्या १९८३ च्या पुस्तकाने ही रीत सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. निक शेड ह्यांनी १९९७ मध्ये समुद्री कयाकसाठी तशीच मार्गदर्शिका लिहिली.

ही रीत समजण्यास अवघड नाही. प्रथम नावेच्या आडव्या छेदांचे साचे प्लायवूडमध्ये कापून एका सरळ तुळईवर साधारण फूटफूट अंतराने उभे करावयाचे. मग सुमारे पाव इंच जाडीच्या व पाऊण इंच रुंदीच्या सिडार पट्ट्या एकेक करून त्यांवर वाकवीत न्यावयाच्या. पट्टीच्या एका कडेला गोल उभार आणि दुसरीला तशीच खाच असते. एकीचा उभार दुसरीच्या खाचेत सरसासह बसतो, त्यामुळे बाक कितीही असला तरी फट पडत नाही. सरस वाळला की रंधा आणि पॉलिशपेपर. त्यावर काचेचे कापड अंथरून इपॉक्सी राळ ओतली की पांढरे कापड पारदर्शक होते आणि लाकडाची नस खालून उजळून दिसते. नाव साच्यावरून उचलल्यावर आतूनही तोच लेप द्यावयाचा. नोहाला दिलेली आज्ञा येथे शब्दशः पाळली जाते! लाकूड मध्ये व कापड दोहों बाजूंस, अशा रचनेमुळे पाच मीटरांहून लांब नाव वीस-बावीस किलोंच्या आसपास भरते. एकटा माणूस ती खांद्यावरून पाण्यापर्यंत नेऊ शकतो. फुरसतीच्या वेळी काम केल्यास एखादा हिवाळा सहज जातो.

परंतु साच्यांचा आकार येतो कोठून? येथे कथा पुन्हा ग्रीनलंडला जाते. बंदूक आली, समुद्रात कॉड मासा वाढला, मोटारहोड्या आल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कयाक तेथील बहुतेक किनाऱ्यांवरून नाहीशी होत चालली. केवळ अगदी उत्तरेकडील शिकाऱ्यांत ती टिकली. १९५९ साली केन टेलर नावाचा ग्लासगोचा विद्यार्थी इलोर्सुइट ह्या खेड्यात गेला. इमॅन्युएल कोर्नेलियसन ह्या कारागिराने त्याच्यासाठी एक कयाक बांधली. ती स्कॉटलंडला आली, डंकन विनिंग ह्यांनी तिचे मोजमाप कागदावर उतरविले, आणि आज समुद्रावर दिसणाऱ्या कित्येक कयाकांची वंशावळ त्या एका नावेपाशी जाऊन थांबते. १९६४ मध्ये ॲडनी व शॅपेल ह्यांचा उत्तर अमेरिकेतील भूर्जसालीच्या व कातडी होड्यांविषयीचा ग्रंथ निघाला. संग्रहालयांत धूळ खात पडलेल्या नावांचे आराखडे त्यामुळे कोणालाही मिळू लागले. १९८० च्या दशकात ग्रीनलंडच्या तरुणांनीही स्वतःची कयाक संघटना उभारून आजोबांची विद्या पुन्हा हाती घेतली.

आपल्याकडेही असा प्रसंग नुकताच घडला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एके काळी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून जहाजे बांधीत. ती विद्या मागे पडली व आराखडे कोठेच उरले नाहीत. तेव्हा अजिंठ्याच्या लेण्यातील जहाजाचे चित्र आधाराला घेऊन, केरळच्या जुन्या कारागिरांच्या हातांनी, गोव्यातील दिवाडी बेटावर एक शिवलेले जहाज बांधले गेले. ‘कौंडिण्य’ ह्या नावाने मे २०२५ मध्ये कारवार येथे ते भारतीय नौदलात दाखल झाले. चित्र शतकानुशतके भिंतीवर होतेच. परंतु टाका घालू जाणणारे हात उरले नसते तर त्या चित्राचा काय उपयोग होता?

पडवीत पट्ट्या जोडणारा गृहस्थ कोणाला पोसण्यासाठी नाव बांधीत नाही, आणि ती बिघडली तर त्याच्या घरी उपासही पडत नाही. इन्युइट शिकाऱ्याची व त्याची बरोबरी होऊ शकत नाही. तरीही नाव पाण्यात सोडताना त्याला एक गोष्ट नव्याने कळते. आपण बसविलेल्या प्रत्येक सांध्यावर आता आपणच बसलो आहोत, ही ती गोष्ट. आकार मात्र त्याचा नव्हे. ज्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत असे शिकारी आणि त्यांच्या कातडी शिवणाऱ्या बायका, ह्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पारखून घेतलेला आहे. ते ऋण स्मरून जो वल्हे हाती घेईल, त्याच्याच घरी ती विद्या खऱ्या अर्थाने आली असे म्हणावयाचे.