कीवर्ड रिसर्चसाठी कोणतं टूल वापरावं? मराठी वेबसाईटसाठी फ्री आणि पेड टूल्सची संपूर्ण माहिती

मराठीत ब्लॉग किंवा वेबसाईट सुरू केली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो: एवढं लिहितोय, पण गुगलवरून कोणीच का येत नाही? मग एखाद्या व्हिडिओत कोणीतरी सांगतं की अमुक टूल घ्या, कीवर्ड शोधा, ट्रॅफिक वाढेल. टूलची किंमत असते डॉलरमध्ये आणि आपला खिसा असतो रुपयांत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी सांभाळून मित्रांच्या काही मराठी वेबसाईट्सचं तांत्रिक काम बघतो, त्यामुळे "कोणतं टूल घेऊ?" हा मेसेज मला नेहमी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: वेबसाईट नवीन असेल आणि मराठीत असेल, तर आधी पैसे देऊ नका. गुगलची स्वतःची फ्री टूल्स पुरतात, फक्त कोणतं टूल कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं हे माहीत पाहिजे. या लेखात तेच बघू.

कीवर्ड रिसर्च म्हणजे काय?

लोक गुगलमध्ये जे शब्द टाईप करतात (किंवा माईकवर बोलतात) ते शब्द म्हणजे कीवर्ड. ते शब्द कोणते, ते किती लोक शोधतात आणि शोधणाऱ्याला नेमकं काय हवंय, हे लिहायच्या आधी तपासणं म्हणजे कीवर्ड रिसर्च.

यातला तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुठलंही टूल नीट सांगत नाही. समजा तुमची वेबसाईट शेतजमिनीच्या कागदपत्रांवर आहे. "सातबारा" हा शब्द प्रचंड शोधला जातो. पण तो शोधणाऱ्या बहुतेकांना लेख वाचायचाच नसतो, त्यांना सरळ महाभूलेखच्या सरकारी साईटवर जाऊन उतारा काढायचा असतो. "सातबारा म्हणजे काय" यावर तुम्ही कितीही चांगलं लिहिलं, तरी हा माणूस तुमच्याकडे थांबणार नाही. उलट "सातबारावर वारस नोंद कशी करायची" किंवा "फेरफार मंजूर व्हायला किती दिवस लागतात" असं शोधणाऱ्याला उत्तर वाचायचंच असतं. असे शोध संख्येने कमी असतात, पण ते तुमचे वाचक असतात. टूलमधला मोठा आकडा बघून विषय ठरवला की इथेच गाडी फसते.

आधी मराठीच्या स्पेलिंगचा घोळ समजून घ्या

इंग्रजी ब्लॉगरला ही अडचण फारशी येत नाही, म्हणून इंग्रजी व्हिडिओंमध्ये ती कोणी सांगतही नाही. आपल्याकडे एकच गोष्ट लोक चार-पाच प्रकारे टाईप करतात. "सातबारा उतारा" देवनागरीत, तोच शब्द रोमन लिपीत, ७/१२ देवनागरी आकड्यांत, तेच इंग्रजी आकड्यांत, आणि मधली तिरकी रेघ गाळून नुसतं "७ १२". टूलच्या दृष्टीने हे वेगवेगळे कीवर्ड असू शकतात. एकच रूप टाकून "याला सर्च नाही" असं ठरवू नका.

शुद्धलेखनाचंही तेच. "माहिती" आणि "माहीती" दोन्ही शोधलं जातं. त्याहून गमतीशीर प्रकार "शेतकऱ्यांसाठी" या शब्दाचा. त्यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक, नुक्ता असलेला ऱ वापरून, दुसरा, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. स्क्रीनवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, कॉम्प्युटरसाठी मात्र अक्षरांची रांग वेगळी असते. शिवाय घाईत टाईप करणारे रफार देऊन "शेतकर्यांसाठी" लिहितात ते वेगळंच. गुगल असे बरेच फरक स्वतः सांभाळून घेतं, पण कीवर्ड टूलकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक रूप वेगळं टाकून बघा.

याचा अर्थ लेखात मुद्दाम चुकीचं लिहायचं असा नाही. लेख शुद्धच लिहा. रोमन स्पेलिंगसाठी जागा आहे ती पानाच्या पत्त्यात, म्हणजे यूआरएलमध्ये. तसाही देवनागरी यूआरएल कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की बऱ्याचदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. रोमन यूआरएल सुटसुटीत दिसतो.

गुगलचा सर्च बॉक्स: सगळ्यात सोपं टूल

मोबाईलमध्ये इन्कॉग्निटो टॅब उघडा, म्हणजे तुमच्या जुन्या शोधांचा परिणाम कमी होईल. "वारस नोंद" टाईप करा आणि थांबा. खाली येणाऱ्या सूचना लोकांच्या खऱ्या शोधांवरून तयार होतात. मग पुढे एक स्पेस देऊन "क", "अ", "न" अशी अक्षरं एकेक टाकून बघा, प्रत्येक वेळी नवीन सूचना येतील. रिझल्टच्या पानावर मध्येच दिसणारे लोकांचे प्रश्न आणि खाली दिसणारे संबंधित शोध हेही लिहून घ्या. दहा मिनिटांत वीस-पंचवीस विषय सहज मिळतात.

याच सूचना आपोआप गोळा करून देणारी टूल्सही आहेत, उदाहरणार्थ कीवर्ड टूल डॉट आयओ किंवा आन्सर द पब्लिक. वेळ वाचतो, पण मूळ माल बराचसा तोच असतो.

गुगल ट्रेंड्स: कधी लिहायचं ते सांगतं

ट्रेंड्समध्ये ० ते १०० चा आलेख दिसतो. इथे १०० म्हणजे शंभर शोध नव्हेत. निवडलेल्या काळात आणि भागात तो शब्द सगळ्यात जास्त लोकप्रिय होता तो क्षण म्हणजे १००, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. त्यामुळे ट्रेंड्सवरून "किती लोक" हे कळत नाही. "वाढतंय की घटतंय", "कोणत्या महिन्यात" आणि "दोनपैकी कोणता शब्द जास्त चालतो" हे मात्र छान कळतं.

भारत निवडून पुढे महाराष्ट्र निवडता येतो, आणि २००४ पासूनचा आलेख बघता येतो. "उकडीचे मोदक" टाकून बघा. दरवर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास उंच टोक आणि बाकी वर्षभर जवळपास सपाट रेघ. रेसिपीची वेबसाईट असेल तर तो लेख चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकून उपयोग नाही. गुगलला पान सापडून ते वर यायला वेळ लागतो, म्हणून महिना-दीड महिना आधी लेख तयार हवा.

व्हिडिओ बनवत असाल तर वेब सर्चच्या जागी युट्यूब सर्च निवडा, आलेख कधीकधी पार वेगळा दिसतो.

गुगल कीवर्ड प्लॅनर: आकडे देतं, पण जपून वाचा

हे टूल गुगल अॅड्सच्या खात्यात मिळतं आणि मुळात जाहिरातदारांसाठी आहे. खातं उघडताना बिलिंगची माहिती भरायला आणि जाहिरातीची मोहीम बनवायला सांगितलं जाऊ शकतं. मोहीम बनवलीत तर ती लगेच पॉझ करा, नाहीतर जाहिरात सुरू होऊन पैसे कापले जातील. मोबाईलवर काम करायचं असेल तर ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साईट सुरू करा, तरीही थोडी कसरत होतेच.

इथे तीन गोष्टी लोक चुकीच्या वाचतात. एक, जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा न मिळता "१०० ते १ हजार" अशी रेंज मिळते. दोन, "कॉम्पिटिशन" या रकान्याचा अर्थ जाहिरातदारांमधली स्पर्धा. लेख पहिल्या पानावर आणणं सोपं की अवघड, याच्याशी तिचा संबंध नाही. तीन, मासिक शोध ही १२ महिन्यांची सरासरी असते. समजा एखाद्या सणाच्या पदार्थाचे १२ हजार शोध सगळे एकाच महिन्यात झाले, तर सरासरी दिसेल १ हजार. तुम्ही म्हणाल बारमाही विषय आहे, आणि अकरा महिने पान ओस पडेल. म्हणून प्लॅनरचा आकडा ट्रेंड्सच्या आलेखाशेजारी ठेवूनच वाचायचा.

आणि टूलने शून्य दाखवलं म्हणजे कोणी शोधत नाही असं नाही. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध आधी कधीच झालेले नसतात, असं गुगल स्वतः सांगत आलंय. मराठीतल्या लांब वाक्यांच्या शोधांसाठी टूल्सकडे माहिती तुटपुंजी असते. सर्च बॉक्समध्ये सूचना येतेय आणि टूल शून्य म्हणतंय, तर मी सर्च बॉक्सवर विश्वास ठेवतो.

सर्च कन्सोल: खरा खजिना इथे आहे

बाकी सगळी टूल्स अंदाज देतात. सर्च कन्सोल मात्र तुमच्याच पानांची खरी नोंद देतं: कोणता शब्द शोधल्यावर तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती क्लिक आले, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं. मागच्या १६ महिन्यांची माहिती मिळते, पूर्ण फ्री. लोकांनी शब्द जसा टाईप केला तसा दिसतो, म्हणजे वरचा स्पेलिंगचा घोळही इथे डोळ्यांना दिसतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल गोपनीयतेसाठी लपवतं आणि यादीत १ हजारच ओळी दिसतात, पण नवीन वेबसाईटला तेवढ्या भरपूर झाल्या.

बघायचं कसं? परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, चारही आकडे सुरू करा आणि सरासरी क्रमांक ८ ते २० असलेले शब्द फिल्टर करा. हे शब्द म्हणजे दारात उभे असलेले पाहुणे. गुगलला तुमचं पान विषयाशी संबंधित वाटतंय, पण पहिल्या पानावर पक्की जागा अजून मिळालेली नाही. समजा "वारस नोंद कागदपत्रे" या शब्दाला ९०० वेळा दिसून क्लिक फक्त ६ आलेत आणि क्रमांक ११ आहे. तुमच्या लेखात कागदपत्रांचा उल्लेख एका ओळीत उरकलाय का बघा. असेल तर तिथे स्वतंत्र उपशीर्षक देऊन पूर्ण यादी द्या. नवीन लेख लिहिण्यापेक्षा हे काम लवकर फळ देतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी युक्ती जरा इंजिनिअरिंगची आहे, पण सोपी आहे. क्वेरी फिल्टरमध्ये रेजेक्सचा पर्याय निवडा आणि हे टाका: कसे|कसं|कशी|किती|कुठे|कधी. उभी रेघ म्हणजे "किंवा". आता फक्त प्रश्न विचारणारे शोध दिसतील, आणि त्यातला प्रत्येक प्रश्न एखाद्या लेखाचा विषय असू शकतो. या यादीत "का" घालू नका, नाहीतर "कागदपत्रे", "काढणे" असं सगळंच आत येईल.

एकच अट: वेबसाईटवर आधी थोडं तरी लिहिलेलं पाहिजे. पहिले दहा-पंधरा लेख सर्च बॉक्स आणि ट्रेंड्सच्या भरवशावर लिहा, पुढचे विषय सर्च कन्सोल सुचवेल.

मग सेमरश, एचरेफ्स, उबरसजेस्ट कोणासाठी?

ही टूल्स वाईट नाहीत. स्पर्धक वेबसाईटला कोणत्या शब्दांवरून ट्रॅफिक येतं, तिला कोणाकोणाच्या लिंक आहेत, हे गुगलचं कुठलंही फ्री टूल सांगत नाही. तिथे यांचाच उपयोग होतो. तुम्ही क्लायंटचं काम करत असाल, किंवा वेबसाईट इंग्रजीत असेल, तर पैसे वसूल होतात. पण सेमरश आणि एचरेफ्सचे मुख्य प्लॅन महिन्याला शंभर डॉलरच्या पुढे आहेत. उबरसजेस्ट स्वस्त आहे, फ्रीमध्ये दिवसाला मोजकेच शोध मिळतात. एचरेफ्सचं वेबमास्टर टूल्स हे स्वतःच्या साईटपुरतं फ्री आहे, ते मात्र जरूर जोडा.

या टूल्समधला "कीवर्ड डिफिकल्टी" हा आकडा मराठीत फसवा आहे. एचरेफ्समध्ये तो मुख्यतः पहिल्या दहा पानांना किती वेबसाईट्सनी लिंक दिल्यात यावरून काढतात. मराठी पानांना एकमेकांच्या लिंक मुळातच कमी, त्यामुळे जिकडेतिकडे शून्य किंवा दोन-तीन असा आकडा दिसतो आणि सगळंच सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या पानावर सरकारी साईट आणि मोठी वर्तमानपत्रं बसलेली असतात. म्हणून आकडा काहीही असो, तो शब्द स्वतः शोधा आणि पहिली पाच पानं उघडून वाचा. जुनी माहिती, अर्धवट उत्तर किंवा एखाद्या फोरमचं पान वर दिसलं तर संधी आहे.

चॅटजीपीटीला कीवर्ड विचारणारेही खूप आहेत. शब्दांची वेगवेगळी रूपं सुचवायला ते चांगलं आहे. पण "याला महिन्याला किती सर्च आहेत" असं विचारलंत तर येणारा आकडा चक्क मनाने ठोकलेला असू शकतो. तो धरून लेखांचं नियोजन करू नका.

टेलिग्रामवरच्या स्वस्त अकाउंटबद्दल

दोन-तीनशे रुपयांत सगळी पेड टूल्स, अशा "ग्रुप बाय"च्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. एकच अकाउंट अनेकांना वाटून विकण्याचा हा प्रकार टूल कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे अकाउंट कधीही बंद पडतं आणि पैसे परत मिळत नाहीत. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. यातले बरेच विक्रेते लॉगिनसाठी स्वतःचं ब्राउझर एक्स्टेन्शन टाकायला लावतात. ते एक्स्टेन्शन तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीज वाचू आणि बदलू शकतं, आणि त्याच ब्राउझरमध्ये तुमचं जीमेल, वेबसाईटचं लॉगिन आणि कदाचित अॅडसेन्सही उघडं असतं. आधीच टाकलं असेल तर एक्स्टेन्शन काढून टाका, गुगल खात्याच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या डिव्हाईसवरून साईन आउट करा, आणि मग वेबसाईटच्या अॅडमिनचा पासवर्डही बदला.