पॅरिसच्या पत्त्यातलं 'अरोंदिसमाँ' म्हणजे नेमकं काय?

पॅरिसमधल्या एखाद्या हॉटेलचा पत्ता बघा. शेवटी '७५०१८' असा पिनकोड दिसेल. त्यातले शेवटचे दोन आकडे सांगतात की हॉटेल १८व्या अरोंदिसमाँमध्ये आहे.

'अरोंदिर' या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ गोल करणे. त्यावरून आखून दिलेल्या प्रशासकीय विभागाला अरोंदिसमाँ म्हणू लागले.

एकच शब्द, दोन अर्थ

इथेच अनेकांचा गोंधळ होतो. फ्रान्समध्ये जिल्ह्यासारख्या विभागाला 'देपार्तमाँ' म्हणतात. १८०० मध्ये नेपोलियनच्या काळात त्याचे उपविभाग पाडले गेले, तेही अरोंदिसमाँच. दुसरा अर्थ मोठ्या शहरातल्या प्रभागाचा. पॅरिसमध्ये असे २०, मार्सेमध्ये १६ आणि लिऑंमध्ये ९ प्रभाग आहेत.

१३ नंबर कोणालाच नको होता!

१७९५ मध्ये पॅरिसचे १२ भाग करण्यात आले. फ्रान्समध्ये लग्नाची कायदेशीर नोंद स्थानिक नगर कार्यालयात होते. त्यामुळे लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्याबद्दल लोक टोमणा मारायचे, 'यांचं लग्न तेराव्या अरोंदिसमाँमध्ये झालंय!' म्हणजे जो भागच अस्तित्वात नाही, तिथे.

१८६० मध्ये आसपासची गावं पॅरिसला जोडली गेली आणि विभाग २० झाले. आधीच्या पद्धतीने पश्चिमेकडून क्रमांक दिले असते तर १३ नंबर पासी या श्रीमंत वस्तीच्या वाट्याला आला असता. बदनाम आकडा आपल्या पत्त्यात? तिथल्या प्रतिष्ठितांनी विरोध केला.

मग तोडगा निघाला. लूव्रच्या परिसराला १ नंबर देऊन तिथून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, गोगलगाईच्या शंखासारखे आकडे फिरवत नेले. पासीला १६ मिळाला आणि १३ गेला आग्नेयेकडच्या कामगार वस्तीला. आज तो टोमणा फारसा कुणाला आठवत नाही, पण नकाशावरची गोगलगाय कायम आहे.

आता २० की १७?

२०२० मध्ये पहिले चार अरोंदिसमाँ कारभारासाठी एकत्र करून 'पॅरिस सांत्र' तयार झालं. त्यामुळे शहरात प्रभागांची नगर कार्यालयं १७ उरली. पत्त्यातले आकडे मात्र अजूनही १ ते २० असेच आहेत. १६० वर्षांपूर्वी ज्या आकड्यांवरून वाद झाला, ते बदलायला कोणी हात लावला नाही.