अटकेपार झेंडे आणि कर्जपट्टी

गंगापूर रोडने पश्चिमेकडे निघाले की गोदावरीच्या काठाने आनंदवल्ली लागते. आज ती महापालिकेच्या हद्दीतली एक वस्ती आहे आणि नवख्या माणसाला तिचे गावपण शोधावेच लागते. राघोबादादांनी येथे वाडा बांधला आणि आनंदीबाईंच्या नावावरून गावाला हे नाव मिळाले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. जवळच्या नवश्या गणपतीशी पेशवे दांपत्याच्या नवसाची कथाही जोडली जाते. मराठीच्या वर्गात तर आनंदीबाईंचा परिचय करून द्यावाच लागत नाही. ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार ते काम आधीच करून ठेवतो. राघोबादादांचे नाव ‘अटकेपार झेंडे’ या दुसऱ्या वाक्प्रचाराला चिकटलेले. या दोन वाक्प्रचारांच्या मध्ये एक तिसरा शब्द होता आणि तो मात्र भाषेच्या वापरातून निघून गेला. तो शब्द म्हणजे कर्जपट्टी. सरकारचे कर्ज फेडण्यासाठी वतनदार-इनामदारांवर बसवलेली जादा पट्टी, असा त्याचा अर्थ. राज्यांच्या डोक्यावरील कर्जांचे आकडे वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतात, तेव्हा आम्हांला हा शब्द आठवतो.

अटकेची गोष्ट आधी पाहू. १७५८च्या एप्रिलमध्ये राघोबादादा लाहोरात पोहोचले. पुढे सिंधूपर्यंतची दौड मराठी सरदारांनी केली. या मोहिमेचे वर्णन करताना आपली लेखणी नेहमीच थोडी उंच उडते. पण दादा पुण्यास परतले ते सुमारे ८० लाखांचे कर्ज घेऊन. ज्या मोहिमेने खजिना भरायचा, तिनेच तो रिता केला. सदाशिवरावभाऊंनी हिशेब मागितला, दोघांत खटका उडाला आणि पुढच्या वेळी तुम्हीच जा, असे दादांनी सुनावले, असे सांगतात. पुढच्या वेळी भाऊ खरोखरच गेले आणि ती वाट पानिपतावर संपली. एका ताळेबंदावरून झालेल्या भांडणाचा असा शेवट सांगणे नाट्यमय आहे खरे, आणि इतिहासाची कारणे इतकी सरळ नसतात. तरीही उत्तरेच्या त्या दोन मोहिमांच्या मध्ये एक न फिटलेले कर्ज उभे होते, ही गोष्ट राहतेच.

हे कर्ज एका माणसाच्या उधळेपणाचे नव्हते. थोरल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या तगाद्याचे वर्णन आहे. त्यांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली, अशा अर्थाचे ते लिहितात. ज्यांच्या नावाने शत्रू बिचकत, त्यांचे हे शब्द आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (आमच्या जिल्ह्यातल्या निफाडचे) यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवरील आपल्या प्रस्तावनापर निबंधात कर्जाचा हिशेब मांडला आहे. त्यानुसार १७४० ते १७६० या वीस वर्षांत नानासाहेबांच्या सरकारने काढलेले कर्ज जवळजवळ दीड कोटीपर्यंत जाते आणि व्याज सालीना १२ ते १८ टक्के. बखरींत हे फारसे येत नाही. बखरकाराला फौज दिसते; फौजेचा रोजमुरा कोणी भरला, हे पाहण्याची त्याला गरज वाटत नाही.

या व्यवहाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे, तेव्हा पैसा लगेच हवा असे. सारा मात्र पीक हाती आल्यावर वसूल होई. मधले महिने सावकार भरून काढी. मामलत मिळालेला कमाविसदार सरकारात आगाऊ रसद भरी. ती रक्कम पुष्कळदा तो स्वतःच सावकाराकडून आणी आणि तिचे व्याज अखेर परगण्याच्याच हिशेबात पडे. ज्याचे देणे असे, त्याला एखाद्या महालाच्या वसुलावर वरात दिली जाई. (ही वरात लग्नाची नव्हे, वसुलातून रक्कम देण्याचा तो हुकूम. दोहोंची गल्लत उत्तरपत्रिकांत आम्ही पाहिली आहे.) म्हणजे शेतात धान्य उभे असतानाच त्याच्या वसुलाची मालकी पुण्यातल्या पेढीकडे गेलेली असे. त्यावर मोहतर्फा होता, नाक्यानाक्यावर जकात होती, आणि प्रसंगानुसार नव्या पट्ट्या. जकात भरलेल्या मालाचा दर बाजारात वाढतो, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

१७६१ मध्ये सोळा वर्षांच्या माधवरावांच्या वाट्याला पेशवेपदाबरोबर हा बोजा आला. चुलत्या-पुतण्याच्या कलहावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ साली आली आणि माधवरावांची मराठी मनातील प्रतिमा तिने जवळजवळ पक्की केली. साहित्याला त्या कलहात महत्त्वाकांक्षा, स्त्रीहट्ट, कारस्थान दिसले. पण आनंदवल्लीच्या वाटाघाटींत दादांचे कर्ज आणि त्यांच्या शिबंदीची थकलेली देणी हा प्रत्यक्ष विषय होता. थकलेली फौज धन्याला स्वस्थ बसू देत नाही, कारण मोहीम थांबली की देणेकरी दारात उभे राहतात. १० जून १७६८ रोजी याच जिल्ह्यात, चांदवडजवळच्या धोडपला, दादांचा पराभव झाला आणि त्यांची रवानगी शनिवारवाड्यात नजरकैदेत झाली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. त्याआधी त्यांनी नऊ कलमांची यादी करून दिली, तीत कर्जफेडीचे कलम आहे. रानडे त्यांच्या वेळचे कर्ज सुमारे २४ लाखांचे धरतात. पानिपतानंतरच्या दहा-अकरा वर्षांत हैदर आणि निजाम यांच्याशी लढत असताना हे साधले, याचे श्रेय थोडे नाही.

येथवरची कथा काटकसरीचा धडा म्हणून सांगता येते, आणि तशी ती सांगितलीही जाते. आमची अडचण पुढच्या प्रकरणाने होते. दुसऱ्या बाजीरावाला कर्ज काढण्याची गरज फारशी पडली नाही. उलट त्याने खासगी खजिना साठवला. कर्ज हाच राज्याच्या अधोगतीचा मापदंड धरला, तर हा पेशवा आदर्श ठरायला हवा. पण हा शिल्लकीचा पैसा मामलतींच्या लिलावातून येत होता. जास्त बोली करील त्याला परगणा इजाऱ्याने मिळे, आणि पुढच्या साली दुसऱ्याची बोली चढली तर पहिल्याला उठवले जाई. अशा इजारदाराला रयतेकडून एका वर्षात जेवढे निघेल तेवढे काढण्यातच शहाणपण दिसणार. १८०३-०४ च्या दुष्काळात, होळकर-शिंद्यांच्या फौजांनी तुडवलेल्या मुलखात, धान्य महागले तेव्हा या रयतेजवळ काहीच शिल्लक नव्हते. सरकारचे देणे नाहीसे झाले नव्हते. ते रयतेच्या नावावर चढले होते आणि सरकारी दप्तरात दिसत नव्हते.

म्हणून ‘महाराष्ट्रावर इतके लाख कोटी कर्ज’ या मथळ्याने आम्ही लगेच हबकत नाही. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ अखेरचे कर्ज ९.३२ लाख कोटी रुपये अंदाजले होते. राज्याच्या सकल उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून ते कमी आहे, आणि सरकारी खुलासा येथेच थांबतो. विरोधक आकड्यावर थांबतात, सरकार टक्केवारीवर. पट्टी कोणावर बसली, हे दोघेही सांगत नाहीत.

पट्टी मात्र टिकाऊ असते. प्राध्यापकाच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसायकर कापला जातो, वर्षाचे २,५००. हा कर १९७५च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२च्या दुष्काळातून उभी राहिलेली ती योजना आणि शहरी पगारदाराने तिच्यासाठी दिलेला वाटा, हा पट्टीच्या इतिहासातला आम्हांला सर्वांत सभ्य करार वाटतो. याउलट ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार आला. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, अधिभार राहिला. डिझेल महागले की पंचवटीच्या बाजारसमितीत येणाऱ्या भाजीचे भाडे वाढते. ते भाडे उत्पादकाच्या पट्टीतून कापले जाते. शेतमालाच्या विक्रीच्या हिशेबालाही आपल्याकडे पट्टीच म्हणतात, हा भाषेतला योगायोग मोठा बोचरा आहे.

नाशिकमध्ये जकात २०१३ साली गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कराने हे सारे व्यापले. घरपट्टी आणि पाणीपट्टी तेवढ्या जुन्या नावाने उरल्या. २०१८ मध्ये महापालिकेने घरपट्टीची आकारणी वाढवली, मोकळ्या भूखंडांबरोबर शेतजमिनीही तीत आल्या, तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले आणि प्रश्न महासभेत गाजला. या वादात हरकत केवळ वाढीव रकमेची नव्हती. द्राक्षाच्या वेलाखालची जमीन बंगल्याच्या अंगणासारखी कशी मोजता, असे शेतकरी विचारत होते.