द्रविड बंधू : रँड प्रकरणातील खबर आणि तिची किंमत

पुण्यात प्लेगच्या साथीत घेतल्या गेलेल्या घरझडत्यांमुळे लोकक्षोभाचे धनी ठरलेले प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून ते परतत होते. लेफ्टनंट आयर्स्ट तत्काळ मरण पावले, तर रँड यांचा मृत्यू ३ जुलै रोजी झाला.

मारेकऱ्यांचा माग लागत नसल्याने सरकारने वीस हजार रुपयांचे इनाम जाहीर केले. अखेर पुण्यातीलच गणेश शंकर द्रविड व रामचंद्र शंकर द्रविड या भावांकडून मिळालेल्या माहितीवरून पोलीस दामोदर हरी चापेकर यांच्यापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर १८९७ मध्ये दामोदर यांनी कबुलीजबाब दिला. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवडा कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. द्रविड बंधूंना सरकारकडून बक्षीस मिळाले, मात्र खबर देणाऱ्यांची नावे गुप्त राहिली नाहीत.

८ फेब्रुवारी १८९९ रोजी रात्री दामोदर यांचे धाकटे बंधू वासुदेव आणि महादेव विनायक रानडे हे वेषांतर करून द्रविडांच्या घरी गेले. पोलीस अधिकारी ब्रुइन यांनी बोलावल्याचा निरोप देऊन त्यांनी दोघा भावांना बाहेर काढले व रस्त्यातच गोळ्या घातल्या. दोघेही मरण पावले. वासुदेव यांना ८ मे, रानडे यांना १० मे आणि मधले बंधू बाळकृष्ण यांना १२ मे १८९९ रोजी फाशी झाली.

खबऱ्याचे नाव उघड होण्याचा परिणाम किती भीषण असू शकतो, हे या प्रकरणाने दाखवले. गुप्तता पाळली गेली तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे ख्यातनाम छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या निकटच्या वर्तुळात वावरत. त्याच काळात ते संघीय तपास संस्थेला (एफबीआय) माहिती पुरवत होते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाही हे जगाला ठाऊक नव्हते. एका कागदपत्रात त्यांचा सांकेतिक क्रमांक झाकायचा राहून गेला आणि २०१० मध्ये मेम्फिसच्या एका दैनिकाने हे प्रकरण उजेडात आणले. स्वतःची बाजू मांडण्यास विदर्स हयात नव्हते. त्यांची छायाचित्रे मात्र चळवळीचा अस्सल पुरावा म्हणून आजही मान्यता पावलेली आहेत.

द्रविडांच्या मागे असे काही उरले नाही. चापेकर बंधूंचे स्मारक चिंचवड येथे आहे आणि त्यांच्यावर ‘२२ जून १८९७’ हा मराठी चित्रपट १९७९ मध्ये निघाला. द्रविडांचा उल्लेख १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात येतो, तो सरकारी बक्षीस मिळाल्यानंतर मारले गेलेले दोन भाऊ एवढ्यापुरताच.