पोरं कुणाकडे आहेत?

लग्नसराई सुरू आहे, सुट्ट्या लागल्यात, गावागावांत मांडव पडलेत. म्हणून आज राजकारण बाजूला ठेवून वेगळ्या विषयावर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

“खेळता खेळता सर्वांची नजर चुकवून बालक शेततळ्याकडे गेले.” हे वाक्य मी पत्रकारितेत किती वेळा टाइप केलं, ते मोजलेलं नाही. कधी जावळाचा कार्यक्रम असतो, कधी जागरण-गोंधळ, कधी वर्षश्राद्ध. गाव बदलतं, वाक्य तेच राहतं. आता मला त्याची लाज वाटते. तीन वर्षांचं लेकरू नजर चुकवतं म्हणजे काय? मुळात नजर होती कुणाची? अशा घरी गेलं की तेच ऐकायला मिळतं. आईला वाटलं आजीजवळ आहे, आजीला वाटलं मावशीने नेलं, बापाला वाटलं बायकांत असेल. आवारात दीडशे माणसं. दोन माणसांच्या घरात ते पोर कदाचित वाचलं असतं, कारण तिथे दुसऱ्यावर सोडायची सोयच नव्हती.

२०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, शेतकऱ्याला तिचा आधार झाला. पण प्लास्टिकच्या कागदाचा तो उतार एवढा निसरडा असतो की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही दोराशिवाय वर येता येत नाही. विहिरीला निदान कठडा असायचा, पायऱ्या असायच्या.

अशी बातमी टाकली की खाली हमखास एक कॉमेंट येते : “पूर्वी एकत्र कुटुंबात पोरं कशी वाढली ते कळायचंही नाही.” बरोबर आहे. पण कुणाला कळायचं नाही? ज्यांना कळत होतं त्यांच्याबद्दल आपण कधी विचारत नाही.

सगळ्यात मोठ्या घराण्यापासून सुरुवात करू. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. चुलते राघोबादादा गादीवर हक्क सांगत होते, म्हणजे जन्माला येणाऱ्या मुलाच्या जिवाला धोका घरातूनच होता. तेव्हा नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली. हेच ते बारभाई. त्यांनी गंगाबाईंना पुरंदरावर हलवलं. सोबत सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली.

गंमत बघा, आज आपण ‘बारभाईचा कारभार’ म्हणतो ते घोळाला. पण त्या बारभाईंनी मूल जगवलं होतं. कारण किल्ला कुणाकडे, फौज कुणाकडे, बाळंतिणीजवळ कोण, हे ठरलेलं होतं. “आहेत ना सगळे” असं तिथे चाललं नसतं. १७८३ मध्ये याच मुलाचं लग्न पुण्यात थाटात झालं. त्या लग्नाच्या व्यवस्थेची नानांची बारकाईची याद इतिहासाच्या वाचकांना माहीत आहेच. (पुढे नानांची नजर या मुलावर गरजेपेक्षा जास्त राहिली असंही म्हणतात. १७९५ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्यातून पडून त्यांचा अंत झाला. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही.)

ही झाली पेशव्यांची गोष्ट. साध्या वाड्यात काय होतं? तिथेही पोरं ‘सगळ्यांची’ नव्हती. तिथेही एक माणूस ठरलेलं असायचं, फक्त ते कुणी तोंडाने बोलत नसे. बहुतेक वेळा ती घरातली विधवा असायची. कुणाची आत्या, कुणाची मोठी काकू. मंगलकार्यात तिला पुढे यायला बंदी. ओवाळायला नाही, ओटी भरायला नाही, हळदीकुंकवाला तर नाहीच. मग लग्नघरात ती असायची मागच्या पडवीत, आणि तिच्याभोवती घरातली सगळी पिलावळ. मांडवातल्या सवाष्णी निश्चिंत होत्या, कारण मागे कुणाला तरी मांडवातून हाकललेलं होतं. आपण ज्याला एकत्र कुटुंबाची ऊब म्हणतो, तिचा एक मोठा भाग हा होता. हे लिहिताना माझ्याही घरातली एक आजी डोळ्यांपुढे येते. तिच्या मांडीवर आम्ही सात चुलत-मावस भावंडं वाढलो आणि लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही.

१८९६ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. बाया कर्व्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले तिथे शिकल्या आणि संस्थेसाठी निधी जमवायला थेट अमेरिकेला गेल्या. अशा बायका शिकून शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. फार चांगलं झालं. पण मागच्या पडवीतली ती जागा रिकामी झाली तेव्हा तिथे बसायला घरातला एकही पुरुष गेला नाही.

दुसरं ठरलेलं माणूस म्हणजे मोठी बहीण. वय वर्षं आठ, कडेवर भाऊ. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडला गेल्या. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत का येत नाहीत? तर धाकटं भावंडं सांभाळायचं असतं. त्यांनी या मुलींना उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द घरोघरी गेला.

२००५ च्या रोजगार हमी कायद्यातही एक तरतूद होती, ती मला फार शहाणपणाची वाटते. कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांच्यातल्या एका बाईला फक्त मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला बाकीच्यांसारखीच मजुरी द्यायची. म्हणजे पोरांकडे बघणं हे काम आहे आणि ते करताना दुसरं काम होत नाही, हे सरकारने लिहून दिलंय. आपल्या मांडवात मात्र हे काम भाजी चिरता चिरता करायचं असतं.

आणि जुन्या काळी सगळं आलबेल होतं असंही समजू नका. अंगावरच्या दागिन्यांसाठी लहान मुलांचे खून होत, हे इंग्रजी अमलातल्या पोलिसी कागदपत्रांत वारंवार येतं. कार्याच्या दिवशी पोर बिंदल्या, साखळ्यांनी सजवायचं आणि गर्दीत सोडायचं. त्यातल्या त्यात पायातल्या वाळ्यांना घुंगरू लावायची युक्ती चांगली होती. आवाज थांबला की आई उठायची. आता डीजेपुढे ते घुंगरू कोण ऐकणार?

मागच्या वर्षी एका लग्नात माझा पुतण्या चाळीस मिनिटं सापडत नव्हता. शेवटी आचाऱ्याच्या टेम्पोत झोपलेला सापडला. तो नक्की कुणाकडे होता, याचं उत्तर घरातल्या बावीस जणांपैकी एकाकडेही नव्हतं. माझ्याकडेही नाही. मी तेव्हा पाहुण्यांशी निवडणुकीवर बोलत होतो.

पुढच्या रविवारी आमच्या घरी जागरण-गोंधळ आहे. शेजारीच चुलतभावाचं शेततळं, कुंपण एका बाजूने पडलेलं. मी घरच्या ग्रुपवर यादी टाकली. नऊ ते साडेदहा मी. साडेदहा ते बारा थोरले दाजी. बारा ते दीड, म्हणजे जेवणाच्या पंगती, दोन्ही चुलतभाऊ, कारण तेव्हाच सगळे गुंतलेले असतात. त्या वेळात मोबाइल खिशात, पत्ते बंद. जाताना पुढच्याला तोंडाने सांगायचं, “आता तुमच्याकडे,” आणि त्याने “हो” म्हटल्याशिवाय उठायचं नाही. अकरा पोरांची नावंही लिहिली. यादीत बाईचं नाव एकही नाही, मुद्दाम.

दोन तास कुणी काही बोललं नाही. मग एका काकांचा मेसेज आला : “हा काय बारभाईचा कारभार?” त्याखाली वहिनीने लिहिलं, “काका, अडीच ते चार तुम्ही.” काकांनी अजून अंगठा दाखवलेला नाही. कुंपणाची तार मात्र काल आणून टाकली आहे.