उदात्त
१. उदात्त : गोंदिया शहरालगतच्या फुलचूर परिसरातील धानाच्या हिरव्या बांध्या आणि त्यांवर चालून येणारे पावसाळी वादळ, हे दोन अनुभव लेखकाने येथे वेगळे मानले आहेत : पहिला सुंदर, दुसरा उदात्त. एडमंड बर्कने (१७५७) उदात्ताचे मूळ भयात शोधले. मात्र पाहणारा सुरक्षित हवा. कांटच्या मते (१७९०) सुंदर वस्तूला आकाराची मर्यादा असते. उदात्तापुढे कल्पनाशक्ती अपुरी पडते आणि त्याच क्षणी माणसाला आपल्या विवेकशक्तीची थोरवी जाणवते. म्हणून उदात्ताच्या आनंदात आधी दडपण असते. उघड्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला विजेपासून आडोसा नसतो. तिचे भय हे भयच, उदात्ताचा अनुभव नव्हे; हा भेद वाचकाने विसरू नये. कांटच्या सौंदर्यविचाराची मराठीतील सखोल चिकित्सा रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात आहे. — संपादक