डायलिसिसची नळी आणि हृदयाचा जंतुसंसर्ग

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाचे रक्त साधारणतः आठवड्यातून तीन वेळा यंत्राद्वारे शुद्ध केले जाते. त्यासाठी अनेकांच्या मानेतील मोठ्या शिरेत कॅथेटर, म्हणजे लवचीक नळी, बसवलेली असते. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यापाशी पोहोचते. जंतूंना थेट रक्तात शिरण्याचा मार्गही तिच्यातूनच मिळतो. हे जंतू हृदयाच्या झडपांवर वाढू लागले, की होणाऱ्या विकारास 'इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस' म्हणतात.

बहुधा यामागे त्वचेवर व नाकात आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. क्वचित प्रसंगी मात्र स्टेनोट्रोफोमोनास माल्टोफिलिया किंवा बर्कहोल्डेरिया सेपॅशिया यांसारखे संधिसाधू जंतू सापडतात. पाणी, माती आणि रुग्णालयातील ओलसर जागा ही त्यांची वसतिस्थाने. निरोगी माणसाला त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. परंतु मूत्रपिंडविकाराने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णात त्यांना संधी मिळते. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात. त्या थरातील जंतूंवर औषधांचा पुरेसा परिणाम होत नाही. शिवाय कार्बापेनेम गटातील प्रभावी प्रतिजैविकेही स्टेनोट्रोफोमोनासपुढे निष्प्रभ ठरतात, तर को-ट्रायमोक्सॅझोल हे जुने औषध उपयोगी पडते. म्हणूनच जंतूची अचूक ओळख निर्णायक ठरते.

डायलिसिस सुरू असताना वा त्यानंतर हुडहुडी भरून ताप येणे, हे पहिले लक्षण असू शकते. अशा वेळी तापाची गोळी घेऊन थांबणे धोक्याचे आहे. प्रतिजैविक देण्यापूर्वीच 'ब्लड कल्चर'साठी रक्ताचे नमुने घेणे आवश्यक असते; अन्यथा जंतू चाचणीत निसटू शकतो. झडपांवरील जंतूंचे पुंजके इकोकार्डिओग्राफीत दिसतात. अन्ननलिकेतून केलेली तपासणी अधिक सूक्ष्म असते. निदानासाठीचे १९९४ मधील ड्यूक निकष २०२३ मध्ये सुधारण्यात आले आहेत.

उपचारात शिरेवाटे प्रतिजैविके बहुधा सहा आठवडे द्यावी लागतात. दूषित नळी काढावी लागते आणि झडपेची मोठी हानी झाल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.

नळी हाताळताना मास्क, हातांची स्वच्छता व निर्जंतुक जोडणी यांत हयगय होता कामा नये. स्नान करताना नळीची जागा भिजू देऊ नये. मात्र खरा प्रतिबंध म्हणजे हातातील धमनी व शीर जोडून केलेला फिस्टुला. १९६६ पासून परिचित असलेल्या या पद्धतीत संसर्गाचा धोका नळीपेक्षा बराच कमी असतो. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. म्हणून डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच त्याविषयी मूत्रपिंडतज्ज्ञांशी बोलणे हिताचे.